दुधाला जाकीट, माणसाला पत्रा

मे महिन्यातली गोष्ट. माझा मावसभाऊ आपल्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला आहे. त्या आठवड्यात त्याची थर्ड शिफ्ट होती. मावशीनं पाठवलेला डबा द्यायला दुपारी दोनच्या सुमाराला त्याच्या खोलीवर गेलो, तर दादा खोलीत नव्हताच. मागच्या बाजूला लिंबाच्या झाडाखाली पोतं अंथरून, तोंडावर टॉवेल टाकून झोपला होता. शेजारी आणखी तिघं तसेच.

"आत का नाही झोपत?" मी विचारलं. टॉवेल न काढताच म्हणाला, "तूच जाऊन झोप जरा."

मी गेलो. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, एकच खिडकी आणि ती पण दाराच्याच भिंतीत. पंखा पाचवर फिरत होता आणि वरची गरम हवा खाली आणून देत होता. पण खरा त्रास हवेचा नव्हताच. डोक्यावर कुणीतरी तापलेला तवा धरलाय असं वाटत होतं. पाच मिनिटांत बाहेर आलो. दादाचं वेळापत्रक असं: सकाळी सातला शिफ्ट सुटते, आठला तो अंग टाकतो आणि अकराच्या आत पत्रा त्याला उठवतो. रात्री परत मशीनवर उभं राहायचं. म्हणजे तीन तासांच्या झोपेवर आठ तास. उरलेली झोप लिंबाखाली जमेल तशी.

मित्रहो, आपण सगळे इंजिनीअर होणार आहोत (बॅकलॉगनं परवानगी दिली तर). हीट ट्रान्सफरच्या पेपरात कॉम्पोझिट वॉलचं गणित हमखास येतं. भट्टीची भिंत, आत रिफ्रॅक्टरी विटा, मध्ये इन्सुलेशन, बाहेर पत्रा. ओरलला क्रिटिकल रेडियस विचारतात म्हणून पाइपवरच्या इन्सुलेशनचं डेरिव्हेशन तोंडपाठ असतं. पण इतक्या भट्ट्या आणि पाइप सोडवून झाले तरी ज्या छताखाली बसून ती गणितं सोडवली त्या छताचं गणित मी एकदाही मांडलं नव्हतं. लिंबाच्या झाडाखालून परत येताना सायकलवर ते पहिल्यांदा डोक्यात आलं.

इन्सुलेशन हा शब्द ऐकला की आपल्याला बर्फाळ देशातली घरं आठवतात. आपल्याकडं कुठं थंडी, आपल्याला काय करायचंय, असं कुणीही म्हणेल. मात्र याच बारामतीत डोळे उघडे ठेवून एक चक्कर मारा. भिगवण रस्त्यावर दुधाचे टँकर दिसतात. त्या टँकरला दोन कवच असतात, आत स्टेनलेस स्टीलचं आणि बाहेर दुसरं, मध्ये पफ भरलेला. चार अंशाला थंड केलेलं दूध भर उन्हात पुण्या-मुंबईपर्यंत जातं आणि तिथंही थंडच उतरतं. एमआयडीसीत फेरेरोचा चॉकलेटचा कारखाना आहे. चॉकलेट तिशीच्या थोडं वर गेलं की पाघळतं, त्यामुळं त्याची बडदास्त काय असते ते वेगळं सांगायला नको. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कुठल्याही साखर कारखान्यात जा. वाफेचा प्रत्येक पाइप लोकरीसारख्या इन्सुलेशनमध्ये गुंडाळून वरून ॲल्युमिनियमच्या पत्र्यानं मढवलेला असतो. तिथं उष्णता आत ठेवायची असते, दुधाच्या टँकरमध्ये बाहेर ठेवायची असते, पण वस्तू तीच. बसस्टँडजवळचा रसवंतीवाला बर्फाच्या लादीवर भुसा टाकून पोतं लपेटतो. त्याला फूरियर कोण ते ठाऊक नाही, पण पोतं काढलं की धंदा वाहून जातो हे पक्कं ठाऊक आहे. आणि आपल्या भागातला मेंढपाळ तर उन्हाळा, पावसाळा, थंडी, तिन्ही ऋतूंत एकच घोंगडी वापरतो.

म्हणजे दुधाला जाकीट, वाफेला जाकीट, बर्फाला पोतं. उघडा आहे तो माणूस.

आता गणित. पुस्तकी आहे, पण थोडंच आहे. भारतीय मानक ब्युरोची १९८७ सालची एसपी ४१ नावाची हँडबुक आहे, लायब्ररीत मिळाली तर जरूर चाळा. तिच्यात बांधकामाच्या प्रत्येक मालाची उष्णतावाहकता दिलीय. आरसीसीची १.५८, विटेची ०.८१, मातीच्या फुसक्याची ०.५२ आणि थर्माकोलची ०.०३५ (वॅट प्रति मीटर प्रति अंश, हे लिहिलं नाही तर सर मार्क कापतील). मे महिन्यात दुपारी उघड्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ६० अंश धरू. अनवाणी गच्चीवर गेलेल्याला हा आकडा जास्त वाटणार नाही. आत खोलीत ३५. चार इंची स्लॅब आणि आतल्या बाजूच्या हवेचा अडथळा धरून हिशोब केला तर दर चौरस मीटरला साधारण १०७ वॅट खाली उतरतात. दहा बाय दहाच्या खोलीवर छत सव्वानऊ चौरस मीटरचं. गुणाकार करा: जवळजवळ बरोबर एक हजार वॅट.

हजार वॅट म्हणजे किती? हॉस्टेलवाल्यांना सोप्या भाषेत सांगतो. रेक्टरांच्या धाडीत जी कॉइल सापडते आणि जिच्यावरून घरी पत्र जातं, ती हजार वॅटची असते. स्लॅबखालच्या खोलीत अशी एक कॉइल भर दुपारी छताला उलटी लटकवून चालू ठेवलेली आहे असं समजा. ही मात्र जप्त होत नाही. पत्र्याच्या खोलीत हाच हिशोब साडेतेराशेच्या आसपास जातो, कारण पत्रा स्वतः काहीच अडवत नाही, जो काय अडथळा आहे तो आतल्या हवेचा. आणि त्या उष्णतेतला मोठा भाग प्रारणानं, म्हणजे रेडिएशननं येतो. म्हणूनच पंखा लावून उपयोग होत नाही. तव्यासमोर बसून वारा घेतल्यासारखं होतं ते.

आता स्लॅबच्या वर दोन इंच चांगल्या प्रतीचा थर्माकोल (किंवा त्याच जातीचं टणक फोम) टाकून वर फरशी बसवली तर? वरची फरशी जरा जास्तच तापेल, ७० धरा. तरीसुद्धा खाली उतरतात दीडशे-दोनशे वॅट. कॉइलच्या जागी दोन जुने पिवळे बल्ब. सोळा भागिले शून्य केल्यासारखा चमत्कार नाही हा, तिसऱ्या वर्षाचा भागाकार आहे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर हे स्टेडी स्टेटचं गणित आहे आणि छत काही स्टेडी स्टेटमध्ये राहत नाही. स्लॅब उष्णता साठवतो. दहा बाय दहाचा चार इंची स्लॅब सव्वादोन टनांच्या आसपास भरतो. तो दुपारी १५ अंशांनी जास्त तापला तर जवळजवळ आठ युनिट उष्णता पोटात घेऊन बसतो आणि सूर्य मावळल्यावर निवांत बाहेर सोडतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर ज्यांनी उन्हाळा काढलाय, मग ते हॉस्टेल कुठलंही असो, त्यांना हे सांगायला आकडे नकोत. पी.एल.मध्ये रात्री अकराला गादी गच्चीवर का जाते? गच्चीवर वारा असतो हे एक, आणि खाली खोलीत दुपारचे तीन अजून वाजतच असतात हे दुसरं. उलट पत्रा जितक्या लवकर तापतो तितक्याच लवकर निवतो. रात्री दोनला दादाची खोली स्लॅबच्या खोलीपेक्षा गार असेल, पैज लावा. पण रात्री दोनला दादा तिथं नसतो.

आपल्याकडं हे कुणाला कधी जमलंच नाही असं नाही. इंदापूर तालुक्यात आमच्या आजोळी धाब्याचं घर होतं. मी ते पाहिलेलं नाही, आजीकडून ऐकलंय. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यावर कामट्या आणि पाला आणि सगळ्यात वर फूटभर पांढरी माती. दरवर्षी पावसाच्या आधी वर नवी माती चोपायची. भर उन्हाळ्यात माजघरात दुपारी माणसं पांघरूण घेऊन झोपायची असं आजी सांगते. (पांघरुणाचं मला थोडं जास्त वाटतं, पण आजीसमोर कोण बोलणार!) सोलापूरकडं यालाच माळवद म्हणतात. पांढरी माती पाणीही बऱ्यापैकी धरून ठेवते आणि ऊनही अडवते.

मग ते घर गेलं का? ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली आणि त्यातली बहुतेक आपल्याच घराच्या दगड-मातीखाली गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती हलल्या आणि वरचं ओझं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. त्यानंतर वर्षभराच्या आत आजोबांनी धाबं उतरवलं आणि पत्रे टाकले. आजी म्हणते, "माती उतरली तशी भीती गेली, पण उन्हाळा घरात आला." आमच्या गावात एकामागून एक घरांनी हेच केलं. नंतर ज्यांना ऐपत आली त्यांनी स्लॅब टाकला. आजोबांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. किल्लारी झाल्यावर डोक्यावर माती घेऊन कोण झोपेल?

पण इंजिनीअरनं इथं थांबून एक गोष्ट बघायला पाहिजे. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार टन वजन. त्या मातीचा उष्णतेला जेवढा विरोध, त्याच्या जवळजवळ अडीचपट विरोध दोन इंच थर्माकोलचा आहे आणि त्याचं वजन? नऊ-दहा किलो. वर फरशीचं वजन धरलं तरी कुठं साडेचार टन! आपल्या पूर्वजांकडं उष्णता अडवायला वजनाशिवाय दुसरा मार्ग नव्हता. आपल्याकडं आहे. ओझं काढलं ते बरोबर केलं, पण ओझ्याबरोबर अडवणारी वस्तूही काढून टाकली आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही. माझा सगळा लेख या एका रिकाम्या जागेबद्दल आहे.

करायचं काय, तर सगळ्यात आधी छत. वरच्या मजल्यावर किंवा बैठ्या घरात दुपारचा सगळ्यात मोठा मारा वरून येतो, भिंतींचा विचार नंतर करता येतो. आणि इन्सुलेशन शक्यतो स्लॅबच्या वर टाकावं. वर टाकलं की स्लॅब तापतच नाही, रोज प्रसरण-आकुंचन होऊन भेगा पडायचं कमी होतं आणि तो सव्वादोन टनांचा दगड तुमच्या बाजूनं राहतो, रात्रीचा गारवा दुपारपर्यंत धरून ठेवतो. विटांच्या तुकड्यांचा कोबा आपल्याकडं गच्चीवर घालतातच. तोही थोडं काम करतो, पण तो मुळात पाण्यासाठी असतो आणि भेग पडून भिजला की ऊन अडवायला उपयोगाचा राहत नाही. कुठलंही इन्सुलेशन भिजलं की संपलं, कारण काम करते ती आत अडकलेली हवा. त्यामुळं वॉटरप्रूफिंगमध्ये काटकसर नको.

खोलीत खालून थर्माकोलचं आढं करणारे बरेच आहेत, विशेषतः पत्र्याखाली. त्यानं फरक पडतो हे खरं. पण उघडा थर्माकोल पेटतो, पेटलेला थेंब थेंब खाली गळतो आणि त्याचा धूर वाईट असतो. त्याच आढ्यातून पंख्याची उघडी वायर गेलेली मी स्वतः पाहिली आहे. असलं इन्सुलेशन नसलेलं बरं. पत्राच टाकायचा असेल तर दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेली तयार पॅनेल मिळतात, एमआयडीसीतल्या कितीतरी शेड त्याच्याच आहेत. म्हणजे माल गावात आहे, गवंडी-फिटर गावात आहेत.

एक शंका मला हमखास विचारली जाते: "अरे, उन्हाळ्यात घराला घोंगडी घातली तर आत जास्तच उकडणार की!" शंका अगदीच चुकीची नाही. चार माणसं, एक गॅस आणि बंद खिडक्या असतील तर आतली उष्णता आतच राहील. म्हणून रात्री वारा आरपार गेला पाहिजे आणि दुपारी खिडक्या लावून घेतल्या पाहिजेत. आपण बरोबर उलटं करतो. दुपारी "हवा येऊ दे" म्हणून सगळं उघडं आणि रात्री डासांसाठी बंद. जाळीला पर्याय नाही.

गच्चीवर पाणी मारायचं म्हणाल तर ते फार चांगलं चालतं. बारा लिटरची एक बादली पूर्ण वाळली तर वर सांगितलेली आठ युनिटं घेऊन जाते. पण ज्या तालुक्यांच्या जिरायत गावांत मे महिन्यात टँकरची वाट बघतात, तिथं गच्चीवर पाणी ओतायला हात धजत नाही. माझा तरी नाही.

स्वस्तात स्वस्त म्हणजे चुना. तापलेल्या करड्या गच्चीवर पांढरा हात दिला की निम्म्याहून बरंच जास्त ऊन आल्या पावली परत जातं. धूळ बसते, दरवर्षी परत मारावा लागतो. अहमदाबाद महापालिकेनं २०१७ मध्ये वस्त्यांमधल्या हजारो छतांवर पांढरा रंग दिला, तेलंगणानं तर २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच केलं. आपल्याकडं केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची २०१८ ची इको-निवास संहिता आहे. तिच्यात घराच्या छताचा यू-व्हॅल्यू १.२ च्या वर नसावा असं म्हटलंय. उघड्या स्लॅबचा हिशोब केला तर येतो साडेतीनच्या वर, म्हणजे तिप्पट. पत्र्याचं तर बोलायलाच नको.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सगळे का करत नाहीत? मलाही हाच प्रश्न पडला होता. इन्सुलेशनचे फायदे सांगणारं जे काही वाचायला मिळतं त्यात हिशोब असतो तो विजेच्या बिलाचा. एसी कमी चालेल, इतकी युनिटं वाचतील, इतक्या वर्षांत पैसे वसूल. एसीवाल्याच्या बाबतीत हे खरंच आहे. पण दादाच्या खोलीत एसी नाही. तिथं इन्सुलेशन केलं तर विजेचं एक युनिटसुद्धा वाचणार नाही! त्या हिशोबानं फायदा शून्य. वाचणार आहे ती झोप, आणि झोपेला मीटर नाही. थर्ड शिफ्टला डुलकी लागून प्रेसमध्ये हात गेला तर त्याचं कारण म्हणून "निष्काळजीपणा" लिहितात, पत्रा लिहीत नाहीत.

दुसरं असं की खोली दादाची नाही. छतावर खर्च करायचा मालकानं, गारवा मिळणार भाडेकरूला. भाडेकरू तरी कशाला करेल? अकरा महिन्यांनी कुठं असेल त्याचं त्याला माहीत नाही. तो सेकंडहँड कूलर घेतो, कारण कूलर उचलून नेता येतो, छत नेता येत नाही. एमआयडीसीच्या कडेनं अशा खोल्यांच्या चाळी वाढत चालल्यात. परभणीचा, बीडचा, बिहारचा, जो कामाला येईल तो त्यात राहतोय. शहरातले बंगलेवाले आपापलं बघतील. माझ्या मते पहिलं इन्सुलेशन इथं व्हायला पाहिजे आणि बांधकामाचा परवाना देताना भाड्याच्या खोल्यांच्या छताची अट घातली पाहिजे. संडास किती असावेत याची अट असते, मग डोक्यावर काय असावं याची का नसावी?

हे सगळं मी दादाच्या मालकांना सांगून पाहिलं. आकडेमोडीचा कागदच घेऊन गेलो होतो. माणूस चांगला आहे. चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझं गणित बरोबर असेल रे बाळा, पण भाडं तेवढंच येणार ना?" मला उत्तर आलं नाही.

चहा संपवून उठताना पलीकडं लक्ष गेलं. मालकांचा गोठा त्याच कंपाउंडमध्ये आहे, दोन म्हशी आणि एक जर्सी गाय. गोठ्यावर पत्राच आहे, पण पत्र्यावर चांगला हातभर जाडीचा उसाच्या पाचटाचा थर आणि वर दोऱ्या. मी विचारलं, "काका, हे कशाला?" ते म्हणाले, "उन्हाळ्यात वर काही नसलं तर जनावर धापा टाकतं. दूध निम्म्यावर येतं." बोलता बोलता तेच थांबले, माझ्याकडं बघितलं आणि हसले. मीही काही बोललो नाही.

खोल्यांवर पाचट टाकायला त्यांनी नाही म्हटलं आणि ते बरोबरच, खाली आठ गॅस पेटतात, एक ठिणगी पुरे. पण द्राक्षाच्या रोपांवरची जुनी शेडनेट पडून होती ती दिली, आणि चुन्याच्या दोन गोण्या. बांबू भाडेकरूंनी आणले. एका रविवारी दादा, मी आणि हॉस्टेलवरचे दोघं वर चढलो. पत्र्याला चुन्याचे दोन हात दिले आणि त्याच्या दीड फूट वर नेट ताणून बांधली. हे काही खरं इन्सुलेशन नव्हे. बाहेरची हवाच चाळीसची असेल तर ती आत येणारच आणि दोन इंची फोमची सर याला नाही. आता थर्ड शिफ्ट असली की दादा बारा-साडेबारापर्यंत आत झोपतो. त्यानंतर लिंबाखाली.

मालक दिवाळीनंतर आणखी सहा खोल्या काढणार आहेत. पत्रे अजून आणलेले नाहीत. माझा कागद त्यांनी परत दिलेला नाही.